बेळगावचा सायकलवाला, जो उद्याची तयारी आजच करून ठेवायचा : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावचा किर्लोस्कर रोड माहीत नाही असा माणूस शहरात सापडणार नाही. दसरा-दिवाळीच्या खरेदीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण या रस्त्याचं नाव कुणावरून पडलं हे विचारलं, तर बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर पुणं किंवा किर्लोस्करवाडी येते. पंप, डिझेल इंजिन, मोटारी बनवणारा हा उद्योगसमूह मुळात बेळगावचा आणि त्याची सुरुवात सायकलींच्या दुकानापासून झाली, ही गोष्ट नव्या पिढीच्या कानावर फारशी गेलेली नाही.

या उद्योगाचे संस्थापक लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पोथ्या होत्या, व्यापार नव्हता. कारखाना कशाला म्हणतात हे त्या गावात कुणाला ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

लक्ष्मणरावांबद्दल लिहिताना दूरदृष्टी हा शब्द हटकून येतो. तो शब्द ऐकला की वाटतं, या माणसाला पुढचं सगळं दिसत असावं. त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर तसं काही आढळत नाही. संकटं त्यांच्यावरही अचानकच आली, आणि एकदा नव्हे, अनेकदा. फरक इतकाच की, संकट दारात आलं तेव्हा दुसरीकडे कुठंतरी त्यांची थोडीफार तयारी झालेली असायची. ती तयारी ते कशी करून ठेवत, हे आजही शिकण्यासारखं आहे.

रंग दिसेनात, तेव्हा रेषा धरली

शाळेच्या पुस्तकांत लक्ष्मणचं मन रमत नव्हतं. चित्रकला आणि यंत्रांची मोडतोड, या दोनच गोष्टींची ओढ. वडिलांना हे फारसं पटणारं नव्हतं, पण थोरल्या भावांनी पाठीशी उभं राहून त्याला 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. तिथं दोनेक वर्षांत एक विचित्र गोष्ट उघड झाली. या मुलाला काही रंगांतला फरकच कळत नव्हता. डोळ्यांत रंगांधळेपणाचा दोष होता. चित्रकार होण्याचं स्वप्न तिथंच संपलं.

गावी परत जाणं सोपं होतं. लक्ष्मणरावांनी आपल्याकडे उरलंय काय याचा हिशोब केला. रंग गेला तरी हात पक्का होता, रेषा सरळ येत होती. त्यांनी रंगकाम सोडून यांत्रिक रेखांकन, म्हणजे यंत्रांच्या भागांची मोजमापासह आकृती काढण्याचं शास्त्र शिकून घेतलं. मुंबईत तेव्हा व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, नुकतंच सुरू झालं होतं. तिथं ते रेखांकन शिकवू लागले.

शिक्षकाची नोकरी म्हणजे आकृती काढायला शिकवायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. लक्ष्मणराव तेवढ्यावर थांबले नाहीत. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्र बिघडलं की ते तिथं हजर. खोलायचं, बघायचं, जोडायचं. या कामाचा वेगळा पगार मिळणार नव्हता. पण कागदावर काढलेला भाग लोखंडात उतरतो कसा, हे त्यांना तिथं हाताने समजलं. पुढं ज्या वेळी स्वतःचं यंत्र बनवायची पाळी आली, त्या वेळी ही फुकटची मेहनत भांडवलासारखी उपयोगी पडली.

नोकरी मुंबईत, दुकान बेळगावात

मुंबईत एके दिवशी त्यांनी एक माणूस दोन चाकांच्या गाडीवर तोल सांभाळत जाताना पाहिला. सायकल ही त्या काळी साहेबांची चीज. लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि डोक्यात हिशोब सुरू झाला. बेळगाव हे छावणीचं शहर. लष्करी अधिकारी, सरकारी अंमलदार, वकील, डॉक्टर तिथं होते. सायकल घेऊ शकणारं गिऱ्हाईक होतं, विकणारा कुणी नव्हता.

1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकल दुकान सुरू झालं. दुकान सांभाळायला थोरले भाऊ रामचंद्र, सगळ्यांचे रामूअण्णा. मुंबईत सायकली घेऊन त्या बेळगावला पाठवायचं काम लक्ष्मणरावांचं. रामूअण्णा सायकल विकायचे आणि फी घेऊन ती चालवायलाही शिकवायचे. ज्याला चालवता येत नाही तो विकत कशाला घेईल, एवढा साधा विचार त्यामागं होता. माल विकायच्या आधी गिऱ्हाईक तयार करायचं, ही रीत इथून त्यांच्या घराण्यात रुजली.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. लक्ष्मणरावांनी धंद्याच्या नादात नोकरीला रामराम ठोकला नाही. जवळजवळ नऊ वर्षं नोकरी मुंबईत आणि दुकान बेळगावात, असा दुहेरी संसार चालला. पगारावर घर चालत होतं, दुकानात चुका करायला सवड मिळत होती.

मग ठोकर बसली. संस्थेत बढतीची जागा निघाली. लक्ष्मणरावांचा अनुभव आणि काम दोन्ही त्या जागेला साजेसं होतं. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला दिली गेली. त्या काळात हा अनुभव अनेक हिंदी नोकरदारांच्या वाट्याला येत होता. बहुतेकांना अपमान गिळावा लागे, कारण घरी चूल पेटायची असे. लक्ष्मणरावांनी 1897 च्या सुमारास राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. त्यांच्यात स्वाभिमान होता हे खरंच, पण तो परवडायला बेळगावचं दुकान आधीपासून उभं होतं, हेही तितकंच खरं.

गिऱ्हाईक नसलेला नांगर

सायकलींचा धंदा बरा चालला होता, पण त्यात आपलं असं काही नव्हतं. माल परदेशी, किंमत परदेशी. मोठे व्यापारी उतरले की लहान दुकानदार बाहेर फेकला जाणार, हे दिसत होतं. दुकान चालू असतानाच लक्ष्मणरावांनी पुढच्या धंद्याचा शोध सुरू केला. परदेशी यंत्रांची मासिकं आणि कॅटलॉग ते बारकाईने वाचत. तिकडं आज काय विकलं जातंय आणि आपल्याकडे काय लागणार आहे, हे ताडून बघायचा हा त्यांचा उद्योग होता.

आपल्याकडे म्हणजे शेतात. बेळगावच्या आसपासचा शेतकरी ज्वारीचा कडबा जनावरांपुढे आख्खाच टाकायचा. जनावर पाला खाई आणि टणक दांडा तुडवून वाया घालवी. कडबा बारीक कापला तर तेवढ्याच वैरणीत जनावर जास्त दिवस निघतं. लक्ष्मणरावांनी कडबाकुट्टी तयार केली. तिला गिऱ्हाईक मिळालं, कारण फायदा गोठ्यात लगेच दिसत होता.

त्यानंतर 1903 मध्ये आला लोखंडी नांगर. इथं मात्र गाडं अडलं. गावातला लाकडी नांगर जमीन ओरखडायचा. हरळी आणि कुंद्यासारखं खोल मुळांचं तण त्याला आवरायचं नाही. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथवतो, तणाची मुळं उन्हात उघडी पाडतो. इंग्लंडहून असे नांगर येतही होते. पण शेतकरी तयार होईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं, पीक जळतं, असा समज पक्का होता. शिवाय खर्च मोठा. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देत होता, हा तर रोख पैसे मोजून घ्यायचा.

नांगर पडून राहिले. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. कर्ज काढून उभ्या केलेल्या छोट्या कारखान्यासाठी दोन वर्षं म्हणजे जीवघेणा काळ. त्या दोन वर्षांत कारखाना तगला तो इतर कामांवर. कडबाकुट्टी होती, दुरुस्तीची आणि बांधकामाची कामं होती. नांगर खपत नव्हता तेव्हा त्याच्यात सुधारणा करायला मात्र भरपूर वेळ मिळाला. मग काही मोठ्या जमीनदारांनी नांगर घेऊन पाहिला, त्यांच्या रानातलं पीक शेजाऱ्यांनी पाहिलं आणि लोखंडाचं विष हळूहळू उतरलं.

एखादी गोष्ट लागणार आहे हे आधी ओळखणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते. लोकांच्या आधी पोहोचलेल्या माणसाला लोक येईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबायचं तर पोट भरायची सोय लागते. लक्ष्मणरावांनी ती सोय केली होती, म्हणून त्यांचा नांगर टिकला.

नोटीस आली, कारखाना उठला

नांगराला मागणी येऊ लागली आणि नेमकी त्याच वेळी जागा गेली. शहराच्या वाढीसाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. भट्टी, यंत्रं, माल, कामगार, सगळं उचलून जायचं कुठं? ही गोष्ट लक्ष्मणरावांनी आधी ओळखली नव्हती. इतरांसारखाच त्यांनाही हा धक्काच होता.

त्या सुमारास त्यांनी औंध संस्थानात बांधकामाचं एक काम घेतलं होतं. औंधच्या गादीवर 1909 मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. ते स्वतः चित्रकार होते. रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडावी लागलेला हा कारागीर माणूस त्यांना भावला. अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा आणि कर्जाची मदत देऊ केली.

जागा कुठली घ्यायची, यात लक्ष्मणरावांचा खरा कस दिसतो. गावात तयार वस्तीजवळ बसता आलं असतं. त्यांनी निवडला तो कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकरांचा माळ. निवडुंग माजलेला, दगडधोंडा, सापांचा सुळसुळाट. पिण्याच्या पाण्याचीही चिंता. पण शेजारून रेल्वे जात होती. बेळगावच्या कारखान्याला जागा अपुरी पडली होती, इथं वाढायला हवी तेवढी मोकळीक होती. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायला, तयार नांगर धाडायला स्टेशन हाताशी होतं. आज काय त्रास होईल यापेक्षा दहा वर्षांनी काय लागेल, याचा विचार करून ती जागा घेतली गेली.

मार्च 1910 मध्ये तिथं वस्ती पडली. बेळगावहून कामगार आणि त्यांची कुटुंबं आली. रामूअण्णा आले, लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई मुलांना घेऊन आल्या. थोरला शंतनू तेव्हा सहा वर्षांचा होता. हिशोबाचं, यंत्रांचं, वसाहतीच्या आखणीचं काम सहकाऱ्यांनी वाटून घेतलं. झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी झाल्या, छपरं चढली. त्या माळाला पुढं किर्लोस्करवाडी हे नाव मिळालं.

उघड्या माळावर चोरांची भीती होती. इथंही लक्ष्मणरावांनी जगावेगळा उपाय काढला. शिक्षा भोगून आलेल्या, गावाने ओवाळून टाकलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हाती वसाहत सोपवली, आणि त्या माणसांनी ती राखली. वाडीत शिवाशिवीला थारा द्यायचा नाही, हाही त्यांचा आग्रह होता. 1910 च्या दशकात एका खेड्याच्या माळावर हे करणं सोपं नव्हतं. पण नवं गाव वसवताना जुनी घाण बरोबर आणायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

तोफांचे नांगर

1914 मध्ये युरोपात युद्ध पेटलं. परदेशी माल येणं अवघड झालं. बाहेरचे नांगर येईनात, म्हणून किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण कच्चं लोखंडही मिळेना. मागणी दारात आणि माल नाही, अशी कोंडी झाली.

या वेळी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळ्यावर जुन्या निकामी तोफा पडून होत्या. त्या ओतकामासाठी किर्लोस्करवाडीला देण्यात आल्या आणि तोफांचे नांगर झाले, ही हकिगत आजही कोल्हापूर-सांगली भागात अभिमानाने सांगितली जाते. शेतकऱ्याच्या हाती चांगलं अवजार जावं हा दोघांचाही ध्यास होता. लक्ष्मणरावांनी माणसं जोडून ठेवली होती. अडचणीच्या दिवसांत कुणाकडे जायचं हे अडचण येण्याआधी ठाऊक असणं, ही तयारी तिजोरीतल्या पैशाइतकीच मोलाची ठरली.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवणं हा सुरुवातीचा हेतू. पुढं त्याचं किर्लोस्कर मासिक झालं, त्याला स्त्री आणि मनोहर या मासिकांची जोड मिळाली. कारखान्याच्या छापखान्यातून निघालेल्या या मासिकांनी बेळगावपासून बडोद्या-इंदूरपर्यंतच्या मराठी घरांत नवे विचार नेले. सायकल विकण्याआधी ती चालवायला शिकवणाऱ्या घराण्याला वाचक घडवायलाही कुणी शिकवावं लागलं नाही.

नांगर जोरात खपत असतानाच उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप यांचं काम सुरू झालं. 1920 च्या दशकातच मोटेची जागा घेईल असा पंप बनवायला घेतला गेला. खेड्यात वीज नव्हती, इंजिन दुर्मीळ होतं. तरीही विहिरीवर बैल फिरवून पाणी काढण्याचे दिवस कायमचे नाहीत, हे या कारखान्याने धरून ठेवलं होतं.

मुलांच्या शिक्षणातही तोच विचार होता. शंतनुराव आणि चुलतभाऊ माधव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं. बापाने जे मासिकं वाचून आणि हात काळे करून मिळवलं, ते मुलांनी मुळापासून शिकून यावं, ही इच्छा. त्याची किंमतही घराने मोजली. माधवला क्षयाने गाठलं, तो त्यातून उठला नाही. शंतनुराव 1926 मध्ये पदवी घेऊन परतले आणि कारखान्यात उभे राहिले.

आगीनंतर

1940 च्या दशकात उद्योग एका गावात मावेना. 1941 मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. 1946 मध्ये बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात खडकीला डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. या कामांची धुरा आता शंतनुराव आणि पुढच्या पिढीकडे होती. जाणकार माणसं वाडीतून उचलून नव्या ठिकाणी पाठवायला जुन्या माणसांचं मन सहज होत नाही. लक्ष्मणरावांनी ती वाट अडवली नाही.

जानेवारी 1948 मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. निवडुंग तोडून, 38 वर्षं खपून उभी केलेली वास्तू जळताना पाहायची वेळ लक्ष्मणरावांवर वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षात आली. अशा वयात माणूस हात टेकतो. वाडी पुन्हा उभी राहिली. यंत्रं दुरुस्त झाली, काम सुरू झालं. आणि समूहाचं सगळं काही त्या एकाच माळावर नव्हतं, ही आधीची तयारी त्या दिवसांत किती मोठा आधार ठरली असेल, हे वेगळं सांगायला नको.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलं.

त्यांच्या आयुष्याचा पट पाहिला तर जन्म बेळगाव जिल्ह्यातला, शिक्षण मुंबईचं, धंदा बेळगावचा, वाडी औंध संस्थानातली आणि पुढचे कारखाने म्हैसूर संस्थानात नि पुण्यात. राज्यांच्या आजच्या सीमा त्या पटावर ओढल्या तर त्याचे तुकडे पडतात. त्यांनी मात्र प्रत्येक ठिकाणी एकच रीत सांभाळली. हातातलं काम चांगलं चाललेलं असतानाच दुसरं काम हलक्या पावलाने सुरू करायचं, जिथं पगार नाही तिथंही शिकून घ्यायचं, आणि माणसं गरज पडण्याआधी जोडायची. शिकून घरी बसलेल्या, नोकरीच्या एकाच अर्जावर डोळे लावून बसलेल्या आपल्याकडच्या मुलांना यातलं काहीही आज, घरबसल्या, भांडवलाशिवाय सुरू करता येतं.

बेळगावहून मिरजमार्गे पुण्याला जाणारी गाडी आजही त्या माळावरून जाते. स्टेशनवर पूर्वी कुंडल रोड ही पाटी होती. आता तिथं किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे.